कंप्रता की वारंवारता?

कुंभकोणमजवळील साक्कोट्टै येथील अमृतकलशनाथाची क्षेत्रकथा प्रलयात वाहत आलेल्या अमृतकुंभाशी निगडित आहे. प्रकाशाच्या पुंज-अवस्थांचे कंप्रता-रूपांतर समजावून देताना मराठी लेखकाला हीच प्रतिमा सुचावी, हे स्वाभाविक आहे. पात्र बदलले, अमृत तेच राहिले! मात्र उपमा जितकी सुलभ, तितकी ती पारखून घेणे अगत्याचे ठरते.

मूळ प्रक्रिया अशी. हिऱ्यातील विशिष्ट दोषस्थानातून ६३७ नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाशकण बाहेर पडतो. काचतंतूतून असा कण फार दूर जात नाही. १५५० नॅनोमीटरच्या आसपास मात्र हानी सर्वांत कमी असते. म्हणून लिथियम नायोबेटच्या स्फटिकात त्याला १०६४ नॅनोमीटरच्या प्रखर लेसर प्रकाशाची जोड देतात. मूळ कणाच्या ऊर्जेतून लेसरच्या एका कणाइतकी ऊर्जा वजा होते आणि सुमारे १५८८ नॅनोमीटरचा कण उपजतो. रंग पालटतो, परंतु पुंज-अवस्था, दूरस्थ कणाशी असलेल्या तिच्या गुंफणीसह, टिकून राहू शकते. प्रेम कुमार यांनी १९९० मध्ये ही कल्पना मांडली आणि १९९२ मध्ये हुआंग यांच्यासह ती प्रयोगाने दाखविली.

आता उपमेकडे पाहावे. अमृत दोन पात्रांत वाटता येते. अज्ञात पुंज-अवस्थेची प्रत मात्र काढता येत नाही, हे वूटर्स व झुरेक यांनी, आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी, १९८२ मध्ये सिद्ध केले. नवा कण उपजतो तेव्हा जुना उरत नाही. ‘भाषांतर’ हा शब्दही याच कारणाने अपुरा पडतो. ज्ञानेश्वरी तमिळमध्ये गेली म्हणून मराठी ओवी नाहीशी होत नाही. येथे मूळ वेचल्यावाचून रूपांतर घडतच नाही.

परिभाषेचा प्रश्नही असाच आहे. ‘वारंवारता’ हा शब्द रूढ आहे. पण एकट्या प्रकाशकणाविषयी तो वापरला, की तो कण पुनःपुन्हा येतो असा भास होतो. मराठी विश्वकोशातील ‘कंप्रता’ कंपनाकडे बोट दाखविते, आणि म्हणून ती अधिक ग्राह्य होय.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. १९ एप्रिल २०२३ रोजी केंद्र सरकारने ६००३.६५ कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केले; त्यातील संदेशवहनाचे केंद्र मद्रासच्या आयआयटीकडे आहे. सार्वजनिक धनाचा विनियोग योग्य होतो की नाही, हे मराठी वाचकाने कोणत्या भाषेत पारखावे? १८०३ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरला गेला. कावेरीकाठी राजवंशाची कीर्ती जी भाषा पेलू शकली, तिला नव्या ज्ञानाचा भार पेलणार नाही, असे मानण्यास आधार नाही. मात्र त्यासाठी विद्यापीठांतील भाषाविभागांनी परिभाषेचे काम विज्ञानविभागांवर सोपवून स्वस्थ बसणे थांबविले पाहिजे.