दिवाळीनंतर गाव सोडणारी लेकरं

दिवाळी सरली की मेळघाटात घुंगरू बाजार भरतात. ढोल-बासरीवर थाट्यांचे, म्हणजे गुराख्यांचे, नाच रंगतात. बाजार उठला की धारणी-चिखलदऱ्यातली अनेक कोरकू कुटुंबं बोचकी बांधून कामाला बाहेर पडतात, कारण सोयाबीन-मका निघालेला असतो आणि गावात हाताला काम उरत नाही. कुणी परतवाड्याकडे वळतं, कुणी अमरावती-नागपूरच्या बांधकामांवर. परतणं थेट होळीला. कडेवर लहानगं असतंच. आपण फराळ करता करता हा अंक चाळत असाल, त्याच दिवसांत हे घडतं. या वाटेवर कुपोषित मुलांचे उपचार तुटतात, म्हणूनच यंदाचा विशेष विभाग बालकुपोषणावर आहे.

१९९३ साली मेळघाटातल्या बालमृत्यूंनी देश हादरला. मंत्र्यांचे दौरे झाले, समित्या बसल्या, उच्च न्यायालयाने सरकारला वेळोवेळी धारेवर धरलं. तरीही पावसाळा आला की त्याच बातम्या पुन्हा येतात.

तीव्र कुपोषण ओळखायला मोठं यंत्र लागत नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला अंगणवाडीताई पट्टी गुंडाळते. घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, की पट्टीचा लाल भाग दिसतो. मग ती दोन्ही पावलांवर अंगठा दाबून पाहते. खळगा तसाच राहिला तर ती कुपोषणाची सूज. ज्याला भूक लागते आणि दुसरा गंभीर आजार नाही, ते मूल घरीच बरं होऊ शकतं. ज्याची भूक मेली आहे, अंग गार पडलं आहे, त्याला दवाखान्यातच न्यावं लागतं. तिथेही सुरुवात दर दोन-तीन तासांनी दिलेल्या थोड्या पातळ दुधाने होते. उपाशी शरीरावर एकदम अन्नाचा मारा झाला तर हृदयाला तो झेपत नाही. मायेने भरवलेलं पोटभर जेवणही अशा वेळी जिवावर बेतू शकतं.

घरच्या उपचाराची वाट १९९०च्या दशकात फ्रान्सचे डॉ. आंद्रे ब्रियां यांच्या कामामुळे खुली झाली. त्यातून आलेला तयार उपचार-आहार म्हणजे शेंगदाणे, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं आणि खनिजं यांचं घट्ट मिश्रण. त्यात पाणी जवळपास नसल्याने जंतू सहजी वाढत नाहीत, शिजवावंही लागत नाही. २००५च्या अन्नटंचाईत नायजरमध्ये त्याने असंख्य मुलं वाचवली. २००७मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने समाजात राहूनच उपचार करण्याच्या या पद्धतीला मान्यता दिली. आपल्याकडे धारणीजवळच्या उतावलीत डॉ. आशीष सातव यांच्या ‘महान’ संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी बालोपचार पोहोचवले.

पण हा उपचार काही आठवडे चालावा लागतो आणि दिवाळीनंतर तो मधेच तुटतो. मुलाचं नाव गावच्या नोंदवहीत, मूल मात्र शहरातल्या पत्र्याच्या खोपटात. गरोदर आईला अमृत आहार योजनेतलं चौरस जेवण गावात मिळतं; ती बाहेर पडली की तेही सुटतं. मग बाळ जन्मतःच कमी वजनाचं असण्याचा धोका वाढतो.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच आहे: उपचाराने मुलाच्या मागे जायला हवं. कुटुंब निघण्याआधी प्रत्येक मुलाचा दंड मोजला जावा. स्थलांतरितांची नोंद ठेवणारी ‘महाएमटीएस’ प्रणाली सरकारकडे आहे. तिच्यातलं नाव कामाच्या ठिकाणच्या अंगणवाडीपर्यंत पोहोचावं आणि तिथे त्या मुलाचं पान वाढलं जावं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हिवाळ्यात रोजगार हमीचं काम गावातच निघावं आणि मजुरी वेळेवर मिळावी. हाताला काम असलं तर घर सोडायची हौस कुणालाच नसते.

वाचकहो, आपल्या गल्लीतल्या बांधकामावर अशी मुलं दिसली तर जवळच्या अंगणवाडीला जरूर कळवा. तिथला आहार हा त्यांचा हक्क आहे. गावाबाहेर पडलेलं प्रत्येक लेकरू होळीला धडधाकट घरी परतावं, यासाठी आपण सगळे मिळून सरकारच्या मागे लागू या.