फिक्या निळ्याची किंमत

गेल्या महिन्यात आमच्या धाकट्या मुलीने मला एक अडचणीचा प्रश्न विचारला. ठाण्यातल्या एका मोठ्या दुकानात, ट्रायल रूमच्या पडद्याबाहेर येऊन ती म्हणाली, "आई, तू सांग. घेऊ की नको?" अंगात आभाळाच्या रंगाची फिकी जीन्स. गुडघ्यापर्यंत बेताची आणि तिथून खाली घेर धरलेली. चिठ्ठीवर किंमत 7,999 रुपये. पैसे तिचेच होते. ती 29 वर्षांची आहे, नोकरी करते, स्कूटरचे हप्ते स्वतः भरते. माझी परवानगी तिला नकोच होती, मत हवे होते. परवानग्या देण्यात आणि नाकारण्यात माझी निम्मी हयात गेली. मत देण्याची सवय फारशी नाही. त्यामुळे मी नेहमीचेच बोलले, "आठ हजार? आणि हा रंग? पहिल्या पावसात वाट लागेल. कशाला?"

ती काहीच बोलली नाही. पडदा ओढून घेतला. आम्ही खाली येऊन कॉफी प्यालो, घरी आलो.

ते 'कशाला?' मात्र माझ्या डोक्यातून जाईना. कारण तो शब्द माझा नव्हे, माझ्या वडिलांचा.

साल 1974. आम्ही सांगलीला राहत होतो. 'बॉबी' आदल्याच वर्षी येऊन गेला होता आणि गावातल्या कॉलेजच्या पोरांच्या पँटी खालून रुंद होऊ लागल्या होत्या. माझ्या दादाने साठवलेल्या पैशांतून कापड आणले आणि चोवीस इंची बॉटमची बेलबॉटम शिवून घेतली. घरात दोन दिवस अबोला. त्या काळी टेलर बेलबॉटमच्या खालच्या कडेला आतून पितळी चेन शिवून देत. रस्त्याला घासून कापड झिजू नये म्हणून. ती चेन फरशीवर खरखर वाजायची. जिन्यात आवाज आला की दादा आला, हे आईला स्वयंपाकघरात कळायचे. मी 12 वर्षांची. मलाही तशीच हवी, असे मी एकदाच म्हणाले. बाबा रागावले वगैरे नाहीत. वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणाले, "कशाला?" त्या प्रश्नाला उत्तर नसते, हे मला तेव्हाच कळले. पुढे पँटी अरुंद झाल्या, टेलरने दादाचा घेर काढून टाकला आणि उरलेल्या तुकड्यांची आईने पिशवी शिवली. कॉलेजात मी डबा त्या पिशवीतून नेत असे. माझ्या वाट्याला बेलबॉटम आली ती एवढीच.

तर हा असा हिशेब मागे शिल्लक असताना मी मुलीला 'कशाला' म्हणाले होते. निदान 'कशाला'चे उत्तर तरी शोधावे, म्हणून मी जरा चौकशी केली. घेराबद्दल माझे मन लगेच साफ झाले. खरा प्रश्न निघाला तो रंगाचा.

जीन्सचे कापड गंमतीचे असते. उभा धागा निळा, आडवा पांढरा. उभा धागा निळीत बुडवतात तोही असा, की रंग गाभ्यापर्यंत पोचत नाही. नुसती साल रंगते. म्हणून वापरता वापरता साल झिजते, आतला पांढरा दिसू लागतो आणि जीन्स फिकी होते. अमेरिकेत लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी तांब्याच्या रिवेटवाल्या पँटीचे पेटंट 1873 मध्ये घेतले, ते कष्टकऱ्यांच्या कपड्यांचे खिसे फाटू नयेत म्हणून. फिका रंग ही तेव्हा वर्षानुवर्षांच्या मेहनतीची खूण असे. आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून ज्या जाड्याभरड्या कापडाला 'डंगरी' नाव पडले, तेही खलाशा-मजुरांच्याच अंगावरचे.

आता ती मेहनत कारखान्यात होते. शिवून तयार झालेली गडद जीन्स भल्यामोठ्या यंत्रात घालून, टाचा घासायच्या वज्रीसारख्या सच्छिद्र दगडांबरोबर घुसळतात. नाहीतर कापसाचे तंतू कुरतडणारी एन्झाइम वापरतात. मांडीवरचा पांढुरका पट्टा हवा असेल तर पोटॅशियम परमँगनेट फवारतात. पूर्वी पटकीच्या साथीत विहिरीत टाकायची ती जांभळी पूड. आभाळी रंग हवा तर पुन्हा ब्लीच. एके काळी वाळूचा जोरदार फवारा मारूनही रंग उडवत. तुर्कस्तानात त्या धुळीने तरुण कामगारांची फुप्फुसे निकामी झाली. दगडफोड्यांना आणि खाणकामगारांना होणारा सिलिकोसिस जीन्स फिकी करणाऱ्या पोरांना होऊ लागला, तेव्हा 2009 साली त्या देशाने ती पद्धत बंद केली. आता बरेच कारखाने लेसरने किंवा ओझोनने रंग उतरवतात. आणि इतक्या लांब कशाला जायचे? ठाण्याहून लोकलने थोडेसे पुढे गेले की उल्हासनगर. तिथल्या जीन्स-धुलाईच्या पाण्यावरून आणि वालधुनी नदीच्या रंगावरून कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत.

म्हणजे गडद जीन्सपेक्षा फिकी जीन्स घेताना आपण काय विकत घेतो? कापडाचे खर्ची पडलेले आयुष्य. खाणीतला माणूस मजबुतीचे पैसे देत होता. आपण ती मजबुती थोडी काढून घ्यावी म्हणून पैसे देतो. हे मला पटत नाही, आणि ते मी मुलीला तसेच सांगितले.

"मग गडद घे आणि घालून घालून फिकी कर," मी म्हणाले.

"तोवर मी चाळिशीची होईन," ती म्हणाली. यालाही माझ्याकडे उत्तर नव्हते.

पुढच्या शनिवारी आम्ही परत गेलो. या वेळी मी चश्मा लावून गेले. जीन्स उलटी केली. दुकानातली मुलगी माझ्याकडे पाहत राहिली. पण कापड उलटे केल्याशिवाय खरे बोलत नाही. आतली चिठ्ठी वाचली : 99 टक्के कापूस, 1 टक्का इलॅस्टेन. हे बरे. ताणणारा धागा जास्त असला की कापड पातळ लागते आणि गुडघ्याला फुगे येतात. मांड्यांच्या आतली शिवण दुहेरी होती. रंग खरवडलेल्या जागी बोटाने ताणून पाहिले, धागे विरले नव्हते. शेजारी दुसऱ्या एका नावाची अशीच फिकी जीन्स साडेनऊ हजारांना होती; तिची मांडी उजेडापुढे धरली तर पलीकडचे दिसत होते. नाव मोठे म्हणून कापड मोठे नसते, हे आमच्या पिढीला कापड वारावर घेताना शिकवावे लागत नसे. 1990 च्या दशकात अरविंद मिल्सने 'रफ अँड टफ' नावाने जीन्सचे कापड, चेन, रिवेट असे सगळे एका पाकिटात विकले होते. माझ्या नवऱ्याने टेलरकडून शिवून घेतलेली तशी जीन्स पंधरा वर्षे टिकली. रंग तिचा तिनेच सोडला.

घेराचीही एक खोच आहे. अशी जीन्स पायात घालायचे बूट-चपला घालूनच मापावी आणि घेर गुडघ्याच्या बरोबर जागी सुटतो का पाहावे. खालून तीन-चार इंच कापावी लागली, तर जिच्यासाठी पैसे मोजले तो घेरच कात्रीत जातो. हिची दीडच इंच जास्त होती.

एवढे सगळे पाहून मी मत दिले : घेर घ्यावा, फिकेपणा घेऊ नये. याच कापडाची गडद निळी त्याच किमतीत शेजारी टांगलेली होती. मुलीने दोन्ही घालून पाहिल्या. गडद निळीत ती चांगली दिसत होती. फिकीत ती खूश दिसत होती. तिने फिकी घेतली, पैसे भरले. मी 'कशाला' म्हणाले नाही.

येताना जीन्स आमच्या नेहमीच्या टेलरकडे टाकली. त्यांचे वय माझ्याहून जास्त आहे. त्यांनी घेरावरून हात फिरवला, टेप लावला, खडूने रेघ ओढली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत विचारले, "खाली आतून चेन लावायची का, ताई?"

मुलगी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. "कसली चेन?" तिने विचारले.