राखणदारानंच घर फोडलं तर?

अँटिव्हायरस अपडेट हवंच, मान्य. पण ते आधी तपासायचं कोणी? २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या अपडेटनं विंडोज एक्सपीची स्वतःचीच फाईल व्हायरस ठरवली. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राईकच्या अपडेटनं जगभरात सुमारे ८५ लाख मशीन्स निळ्या पडद्यावर आणली. अपडेट दीड तासाच्या आत मागे घेतलं; पण आडवी झालेली बरीचशी मशीन्स उठवायला माणूसच समोर बसवावा लागला.

मोठ्या कंपन्यांकडे निदान आयटीवाले असतात. आमच्या अकोल्याच्या अडत्यानं, अमरावतीच्या टॅक्सवाल्यानं काय करावं? लायसन्स संपत आल्याची आठवण बरोब्बर येते ना, मग अपडेटही तितकंच नेमानं तपासा! आधी थोड्या मशीन्सवर चालवा, मग गावभर वाटा. पैसे देऊन आम्ही तुमचे टेस्टर काहून व्हावं, बाप्पा?