फुगेच तर आहेत ना!

"वहिनी, शनिवारी बाळाचा पहिला वाढदिवस. हॉल ठरला, जेवण ठरलं. सजावटीचं तू बघशीलच. फुगेच तर आहेत ना!"

नणंदेचा फोन ठेवून नाशिकच्या त्या गृहिणीने डायरी उघडली. शनिवारी सकाळीच एका डोहाळजेवणाची ऑर्डर होती आणि तिची आगाऊ रक्कमही आलेली होती. पण नाही कसे म्हणायचे? नवऱ्याने तर बहिणीला परस्पर होकार देऊन टाकला होता. शुक्रवारी रात्री दोन वाजेपर्यंत दोन्हीकडचे फुगे भरणे चालले. घाईत बांधलेली डोहाळजेवणाची कमान खिडकीपाशी उभी राहिली आणि मे महिन्याच्या उन्हाने ओटी भरायच्या वेळीच फुगे फटाफट फुटू लागले. यजमानीणबाईंनी हिशेबातून हजार रुपये कापले. संध्याकाळी वाढदिवस मात्र थाटात पार पडला. "वहिनींच्या हातात जादू आहे हं," असे सगळे म्हणाले आणि निघताना तिघींनी तिचा फोन नंबर घेतला. पुढे त्या तिघींचे फोन आलेही. "नणंदेकडे केलं तसंच आमच्याकडेही कराल ना?" यातला 'तसंच' म्हणजे काय, हे सांगायला नको.

घरबसल्या सुरू करता येणारा, थोड्या भांडवलाचा व्यवसाय म्हणून फुग्यांच्या सजावटीकडे अनेक जणी वळल्या आहेत. हाताने केक, मेंदी किंवा शिवणकाम करणाऱ्यांनाही फुकटाचा त्रास होतोच. पण फुगेवालीला तो जास्त होतो, कारण फुगा स्वस्त दिसतो. जत्रेत पोरांच्या हातात असतो तोच हा, त्याचे कसले पैसे?

पण कमान काही फुग्यांनी होत नाही, ती वेळाने होते. विजेच्या पंपावर फुगे भरायचे, सगळे एका मापाचे यावेत म्हणून भोक पाडलेल्या पुठ्ठ्यातून एकेक तपासायचा, दोन-दोनच्या जोड्या बांधून त्या एकमेकींत पिळायच्या, मग नायलॉनच्या दोऱ्यावर चढवायच्या. बोटांची सालटी निघतात. दोनशे फुग्यांच्या कमानीचे उदाहरण घ्या. फुगे सहाशे रुपयांचे, दोरा, पट्टी, चिकटवायच्या टिकल्या शंभराच्या, टेंपो तीनशेचा, मदतीला येणाऱ्या मुलीचे पाचशे. झाले पंधराशे. यात तिचे स्वतःचे पाच-सहा तास, फुटलेले फुगे आणि पंपाची झीज कुठेच धरलेली नाही. साडेतीन हजार मागितले की लोकांना ती लूट वाटते. फुकट दिले, तर तिच्या खिशातून पंधराशे रोख जातात, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

त्यातून कुणी छताला तरंगणारे फुगे मागितले, तर हिशेब आणखी वेगळा. त्यांत हेलियम लागतो आणि भारतात तो मुख्यतः परदेशातूनच येतो. साधा रबरी फुगा हेलियम भरल्यावर अर्धा-पाऊण दिवस तरंगतो, म्हणजे तो आदल्या दिवशी भरून ठेवण्याचीही सोय नाही. "मग स्वस्तातला गॅस भरा," असा सल्ला देणारे भेटतात. तो स्वस्तातला गॅस म्हणजे हायड्रोजन. केकवरच्या मेणबत्तीजवळ तो भडकू शकतो. इथे मात्र भीडभाड न ठेवता नकार द्यावा, मग मागणारा पैसे देणारा असो वा फुकटचा.

नातेवाइकांनंतर येतात मंडळे. "गणपतीत मखराच्या बाजूला तुमचा बोर्ड लावू, प्रसिद्धी होईल." बोर्ड लागतो, फोनही येतात, पण फुकटचे काम पाहून आलेला माणूस बहुधा फुकटचेच मागतो. एखादी संस्था म्हणते, "देणगीची पावती देऊ, करात सवलत मिळेल." ही सवलत पैशाच्या देणगीला मिळते, फुगे किंवा मेहनत दिली तर नाही. हे नम्रपणे सांगितले की अर्धे लोक दुसरीकडे वळतात.

याचा अर्थ कुणाला काही देऊच नये असा नाही. अनाथाश्रमातल्या मुलांसाठी कमान करण्यात जे समाधान आहे, ते बिलात मावत नाही. फक्त द्यायचे कुणाला आणि किती, हे मागणाऱ्याने नव्हे, तर देणारीने ठरवावे. नाशिकच्या त्या गृहिणीने हजार रुपये गमावल्यावर हेच केले. वर्षात चार कामे मोफत, तीही सोमवार ते गुरुवार. संस्थेने पंधरा दिवस आधी लेखी पत्र द्यायचे. चार भरली की पुढच्या वर्षी. "माझं मन होतं, पण यंदाची चारही झाली," हे वाक्य तोंडावर म्हणायला तिला फारसे जड गेले नाही.

घरचे काम जास्त अवघड होते. आधी नवऱ्याशी बोलणे झाले. "तुमच्या ऑफिसातल्या सुट्ट्या मी परस्पर कुणाला देते का?" एवढेच तिने विचारले. तो दोन दिवस घुश्शात होता. तिसऱ्या दिवशी कुणा मित्राचा फोन आला, तेव्हा त्याने तो गुपचूप तिच्या हाती दिला.

बाळाचा दुसरा वाढदिवस आला तसा नणंदेचाही फोन आला. या वेळी तिने कार्यक्रमाआधीच बिल पाठवले. त्यात सजावटीचे पूर्ण साडेतीन हजार लिहिले, खाली 'मामीकडून बाळाला भेट' म्हणून दोन हजार वजा केले आणि उरलेल्या पंधराशेच्या पुढे फुगे, सामान, टेंपो, मदतनीस अशी फोड दिली. दिवसभर नणंदेचा फोन नाही. सासूबाईंनी दोनदा विचारले, "काही बोलली का गं ती?"

रात्री साडेनऊला फोन आला. "वहिनी, एवढे पैसे लागतात होय यात? मला वाटलं होतं..." मग जरा थांबून, "आणि काय गं, टेंपोचे तीनशे कशाला? आमची गाडी पाठवते की!"

"पाठवा," ती म्हणाली. "पण मागची सीट रिकामी हवी हं, वन्सं. कमान मावली पाहिजे."