कडेचं रान, पोटातलं रान

या अंकासाठी वाचकांकडून जंगलाच्या कल्पनेवर बांधलेले थीम पार्कचे कोपरे मागवले होते. बहुतेक ‘प्लॅनेट कोस्टर’ या कॉम्प्युटर गेममधले आले, काही त्याच्या दुसऱ्या भागातले. शिवाय ‘रोलरकोस्टर टायकून ३’ला वीस वर्षं उलटून गेली तरी तो न सोडलेली दोन-तीन हट्टी मंडळी आहेतच. चार संध्याकाळी मी ते एकेक उघडून बघत बसलो. माझी पद्धत ठरलेली आहे. आधी वरून एक चक्कर मारायची, मग एखाद्या पाहुण्याच्या नजरेला कॅमेरा जोडून त्याच्याबरोबर फाटकापासून राइडच्या रांगेपर्यंत चालत जायचं.

वरून सगळेच देखणे. फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखे हिरवे घुमट, त्यांतून वळणं घेत जाणारी नदी, धबधबा, पडक्या देवळाचा डोकावणारा कळस. खाली उतरलं की मात्र दहातल्या नऊ ठिकाणी एकच चित्र: वाटेच्या दोन्ही बाजूंना केळी, नेचे आणि बुटके माड यांची अशी भिंत, की नजर हातभरही आत शिरत नाही. वाट संपेपर्यंत तीच भिंत. मंगल कार्यालयाच्या दारात कुंड्या मांडतात तशी. त्यामागची मेहनत दिसते. एकेक पान फिरवून, वाकवून लावलेलं आहे. तरीही रानात आल्यासारखं वाटत नाही, रोपवाटिकेत आल्यासारखं वाटतं.

ही चूक आळसाची नाही. आपण सगळे जंगल होडीतून शिकलो, त्याचा हा परिणाम आहे.

सदाहरित वर्षावनात वरचं पानांचं छत जवळजवळ सगळा उजेड पिऊन टाकतं. जमिनीपर्यंत पोचतो तो जेमतेम एक-दोन टक्के. एवढ्याशा उजेडात दाट झुडुपं वाढत नाहीत. म्हणून मुरलेल्या रानाचं पोट बरंचसं मोकळं असतं: उंच खोडं, ओला पालापाचोळा, पसरलेली मुळं आणि वर कधीतरी जागा होईल या आशेवर वर्षानुवर्षं थांबलेली काडीएवढी रोपं. गचपण माजतं ते उजेड आडवा शिरतो तिथे, म्हणजे नदीकाठी, रस्त्याकडेला, किंवा एखादं मोठं झाड उन्मळून छताला भोक पडतं तिथे. पूर्वीचे प्रवासी नद्यांतून गेले, त्यांना दोन्ही काठांवर हिरव्या भिंती दिसल्या, आणि आतही असंच असणार असं त्यांनी लिहून ठेवलं.

पुढची साखळीही होड्यांचीच आहे. १९५१च्या ‘द आफ्रिकन क्वीन’ या चित्रपटात होडी. तो हार्पर गॉफ यांच्या डोक्यात घोळत असताना त्यांनी डिस्नेलँडसाठी आखलेली ‘जंगल क्रूझ’ हीसुद्धा होडी. १७ जुलै १९५५ला ती उद्यानाबरोबरच सुरू झाली. जागा होती अनाहाइमच्या संत्र्याच्या बागांची, आणि हाताशी वेळ जेमतेम वर्षभराचा. लागवड बिल इव्हान्स यांच्याकडे होती. मिळेल ते परदेशी झाड त्यांनी आणलं. ते कमी पडलं तेव्हा काही झाडं उपटून चक्क उलटी, मुळं वर करून रोवली आणि त्यांवर वेल सोडले, असं सांगतात. होडीचा रूळ दिसू नये म्हणून पाणी मुद्दाम गढूळ रंगाचं ठेवलं. हे सगळं मला अजून पटतं, कारण इव्हान्स नदीचा काठ बांधत होते. काठावर भिंतच असते, आणि भिंतीमागे काय आहे हे प्रेक्षकाला दिसू नये हीच गरज होती. तीच भिंत आपण होडीतून उचलली आणि पायवाटेच्या कडेला आणून लावली, तिथे गडबड झाली.

कोकणातल्या किंवा मावळातल्या एखाद्या देवराईत ज्यांचं जाणं-येणं आहे, त्यांना हे समजावण्याची गरज नाही. बाहेर लख्ख ऊन. मग कारवी आणि काटेरी वेलींची दाट पट्टी, तिच्यातून अंग चोरून वाकून जावं लागतं. दहा पावलांवर ती पट्टी एकदम संपते आणि आपण एका खोलीत उभे असतो. हवा गार, पायाखाली पाचोळ्याची गादी. मांडीएवढ्या जाडीची गारंबीची वेल एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेली, तिच्या हातभर लांब शेंगा वर लोंबताहेत. आवाज आपोआप खाली येतो. ऊन, भिंत, दार आणि दालन असा तो क्रम आहे. बहुतेक पार्कांत आपण भिंत बांधतो आणि थांबतो. दालनापर्यंत पाहुण्याला नेतच नाही.

याची एक मानवी अडचण मला ठाऊक आहे, कारण मीही तिला बळी पडलो आहे. आपण बांधतो वरून. खरं दालन हवं तर वाटेवर उंच झाडांचं छत धरावं लागतं, आणि ते धरलं की आपलीच वाट, आपलेच दिवे, तासन्‌तास बसवलेल्या पायऱ्या आपल्यालाच दिसेनाशा होतात. मग वाटेवरचं आभाळ आपण मोकळं ठेवतो. तिथून ऊन सरळ जमिनीवर पडतं आणि सगळा डाव उधळतो. माझा सल्ला रांगडा आहे: छत शेवटी नाही, आधी घाला. त्याखाली पाहुण्याच्या उंचीवरून काम करा आणि वरचं दृश्य विसरून जा. पहिल्या दिवशी मान अवघडते, पुढे सवय होते.

छत आलं की जमिनीकडे बघा. आलेल्या पार्कांपैकी निम्म्यांत घनदाट रानाखाली खेळाने आपणहून दिलेलं हिरवंगार गवत तसंच होतं. अंधाऱ्या रानात हिरवळ कुठून येणार? माती आणि चिखलाचा रंग फिरवायला दोन मिनिटं लागतात, आणि या एका फरकाने जेवढं साधतं तेवढं शंभर नेच्यांनी साधत नाही. केळीचंही तसंच. आपल्या सह्याद्रीतली रानकेळ, म्हणजे चवेणी, पावसाळ्यात कड्याकपारीवर, उघड्यावर डौलात उभी राहते. गर्द सावली हे तिचं घर नव्हे. रंगाबद्दल एवढंच, की रान हिरवं असतं हे अर्धसत्य आहे. कुसुमाची कोवळी पालवी लालभडक, आंब्याची तांबूस. छतात अशी दोन-चार झाडं पेरली की उरलेलं हिरवं खरं वाटायला लागतं.

मग दाटी करायचीच नाही का? करायची, पण तिला कारण द्यायचं. एक मोठं झाड आडवं पाडा. ते पडताना त्याने शेजारच्या दोघांच्या फांद्या मोडल्या असतील, मुळांबरोबर मातीचा डोंगर उचलला गेला असेल, खाली खड्डा पडून पाणी साचलं असेल. वरच्या भोकातून ऊन येऊ द्या आणि तुमची सगळी केळी, नेचे, रुंद पानांची झुडुपं तिथे ओता. वाट तिथून वळवा. अंधारातून आलेल्या पाहुण्याला ती जागा दिवाळीसारखी वाटेल. खाण्याचा ठेला टाकायचा तर यापेक्षा चांगली जागा नाही.

रोलरकोस्टरचा मार्गही असंच एक भोक असतं, हे फार कमी जणांच्या लक्षात आलेलं दिसलं. ओहायोतल्या किंग्ज आयलंडमधला ‘द बीस्ट’ १९७९पासून झाडीतून धावतो, लांबी ७,३६१ फूट. ते रान आपल्यासारखं उष्ण प्रदेशातलं नाही, पण मुद्दा तोच. बसलेल्या माणसाचा हात कुठवर पोचेल ते मोजून खऱ्या पार्कात मार्गाभोवतीची झाडं छाटावीच लागतात. त्या छाटलेल्या पट्ट्यात ऊन शिरतं, म्हणजे तिथे पुन्हा ‘कड’ तयार होते, वेलींची आणि झुडुपांची. आपल्या खेळात वस्तू एकमेकींना अडण्याचा नियम बंद करता येतो, म्हणून काही जणांनी गाडी सरळ खोडातून आरपार नेली आहे. दोन वाचकांनी याला ‘रोमांचक’ म्हटलं आहे. मी सुतारकामाचा अपघात म्हणेन.

आता अवशेष. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर कंबोडियातलं ता प्रोहम आहे, आणि का नसावं? सातव्या जयवर्मनने ११८६ साली उभारलेलं हे स्थान, आणि त्याच्या जतनात आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यानेही वर्षानुवर्षं काम केलेलं आहे. पण आलेल्या पार्कांत मुळं भिंतीवर शालीसारखी पांघरलेली दिसतात आणि खालची भिंत जशीच्या तशी ओळंब्यात उभी असते. मुळाचं काम असं चालत नाही. पक्ष्याच्या विष्ठेतून बी भिंतीच्या माथ्यावर पडतं, मूळ खाली उतरताना दगडांच्या सांध्यात शिरतं, जाडावतं, सांधा उकलतं. वरचे दगड ढळतात, काही पडतात. आणि शेवटी अशी अवस्था येते, की ज्या मुळाने भिंत फोडली तेच तिला धरून असतं, झाड काढलं तर भिंतही जाईल. हे बघायला कंबोडियाला जायला नको. कुठल्याही जुन्या वाड्याच्या पडवीवर उगवलेला पिंपळ पाहा. म्हणून क्रम पाळा: आधी अख्खी भिंत, मग झाड, मग दगड एकेक करून सरकवणं. पडलेले दगड मोजा. भिंतीतून तीस गेले असतील आणि खाली बारा दिसत असतील तर उरलेले कुठे गेले? गावाने नेले. घडीव दगड रानात कोण पडू देतो! तेव्हा शेजारच्या सरबताच्या ठेल्याच्या जोत्यात ते बसवा. एवढ्या एका गोष्टीने त्या जागेला माणसं मिळतात.

डिस्नेच्या ‘अ‍ॅनिमल किंगडम’मध्ये जो रोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे फार बारकाईने केलं आहे. १९९९मध्ये उघडलेल्या तिथल्या आशिया विभागात ‘आनंदपूर’ नावाचं काल्पनिक गाव आहे आणि ‘महाराजा जंगल ट्रेक’मध्ये राजवाड्याच्या अवशेषांत वाघ हिंडतात. नावं वाचून आपल्याला थोडं हसू येतं हे खरं. पण तिथली भिंत एकाच काळातली वाटत नाही. ती बांधली गेली, पडली, डागडुजी झाली, पुन्हा वापरात आली. कवट्या, भाले आणि मुखवटे यांनी सजवलेल्या आपल्या पार्कांना नेमका हाच कालक्रम नाही. त्यांत आफ्रिका, अ‍ॅमेझॉन आणि अंगकोर यांची खिचडी आहे, आणि ‘रानटी’ माणूस आहे तो साहेबाच्या टोपीखालून पाहिलेला. खुद्द ‘जंगल क्रूझ’मधले असले देखावे डिस्नेने २०२१मध्ये बदलले. संचात मिळतात म्हणून आपण अजून तेच मांडत बसायचं काही कारण नाही.

‘प्लॅनेट कोस्टर’वाल्याच कंपनीच्या ‘प्लॅनेट झू’मध्ये, २०१९पासून, प्रत्येक झाडाला खंड आणि हवामान जोडलेलं आहे. चुकीचं झाड लावलं तर पिंजऱ्यातल्या प्राण्याचं समाधान घसरतं आणि खेळ तसं सांगतोही. ‘प्लॅनेट कोस्टर’चा पाहुणा मात्र निवडुंगाशेजारी फणस पाहूनही आइस्क्रीम खात पुढे जातो. तिथे आपणच तो प्राणी व्हायचं. जाता जाता एक गंमत: आयुर्वेदात ‘जांगल’ देश म्हणजे कोरडा, वाऱ्याचा, विरळ झाडांचा मुलूख. आपण जे बांधतो त्या पाणथळ, दाट प्रदेशाला तिथे ‘अनूप’ म्हणतात. शब्द आपल्याकडून इंग्रजीत गेला आणि भिजून परत आला.

फ्रेमरेटबद्दल रडगाणी बरीच आली. हजारो पाहुण्यांचा हिशेब करताना प्रोसेसर आधीच वाकलेला असतो, त्यात एकामागे एक पारदर्शक पानांचे थर आले की ग्राफिक्स कार्डाला तोच ठिपका पुन्हा पुन्हा रंगवावा लागतो. गेम स्टुडिओत काम करणाऱ्यांना हा ओव्हरड्रॉ नवा नाही. म्हणून म्हणतो, मोकळं पोट परवडतंसुद्धा. खोड स्वस्त, पान महाग. ‘प्लॅनेट कोस्टर’च्या दुसऱ्या भागात वस्तू लहान-मोठ्या करता येतात, तेव्हा एकच खोड तीन मापांत वापरा. पहिल्या भागात असाल तर जुनी युक्ती आहेच: झाड जमिनीत गाडायचं, माडाचा फक्त शेंडा वर ठेवायचा, झाला नेचा.

एका पार्काबद्दल सांगायचं राहिलं. पाठवणारीने सोबत चार ओळींचं पत्रही लिहिलेलं नव्हतं. फाटकातून आत गेल्यावर वाट कारवीसारख्या झुडुपांतून अरुंद होत जाते आणि मग एकदम काही नाही. काळसर जमीन, वीस-पंचवीस खोडं, लांबवर एक उजेडाचा खांब. रांग त्या खोडांमधून नागमोडी फिरते. किड्यांचा आवाज कडेला होता तो आत आल्यावर मागे पडतो, आणि बऱ्याच वेळाने पाण्याचा ऐकू यायला लागतो. पाणी दिसतं ते गाडीत बसल्यावरच. मी कॅमेरा तिसऱ्यांदा फाटकावर नेला.

खेळाने त्या रांगेच्या सजावटीला दिलेले गुण मात्र बेताचेच होते. रांगेजवळ पुरेशा वस्तू नाहीत, असं त्याचं म्हणणं.