पाहुण्यांची तहान आणि बेटाचे पाणी

पावसाळा सरला की मध्यमवर्गीय घरांतून सुट्टीच्या बेतांना भरती येते. पूर्वी हे बेत महाबळेश्वर, माथेरान किंवा फार तर उटीपर्यंत जाऊन थांबत. आता ते समुद्र ओलांडू लागले आहेत. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी लक्षद्वीपला भेट दिली, तेथील निळ्या पाण्याची छायाचित्रे देशभर पोहोचली, शेजारच्या मालदीवमधील काही उपमंत्र्यांनी त्यावर अनुदार उद्गार काढले, आणि पाहता पाहता लक्षद्वीपचा प्रवास हा देशाभिमानाचा विषय होऊन बसला. पुढच्याच महिन्यात सादर झालेल्या अंतरिम अंदाजपत्रकात या बेटांवर बंदरांची व पर्यटनाची सोय वाढविण्याचा मनोदय सरकारने जाहीर केला. आपल्याच देशाचा एक रम्य कोपरा आपल्या लोकांनी पाहावा, यात गैर काहीच नाही. परंतु उत्साहाला माहितीची जोड नसली म्हणजे पाहुणा यजमानाला जड होतो, एवढे मात्र वेळीच सांगितले पाहिजे.

लक्षद्वीप हे नाव लाखाची आठवण करून देते; प्रत्यक्षात मोजकी ३६ बेटे, आणि त्यांपैकी वस्तीची अवघी १०. साऱ्यांचे मिळून क्षेत्रफळ ३२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत येथे ६४,४७३ माणसांची नोंद झाली. म्हणजे दर चौरस किलोमीटरला दोन हजारांहून अधिक. निर्जन बेटांचे स्वप्न पाहत निघालेल्या प्रवाशाने हा आकडा आधी ध्यानात घ्यावा. ही भूमीही आपल्या सह्याद्रीसारखी खडकाची नव्हे. पोवळ्याच्या सूक्ष्म जीवांनी युगानुयुगे उभारलेल्या कड्यांवर वाळू साचली आणि तिच्यावर माड उभे राहिले. समुद्रसपाटीपासून ही बेटे जेमतेम काही मीटर उंच आहेत. नदी नाही, ओढा नाही, डोंगर नाही. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा एक पातळ थर तरंगत राहतो. बेटावरच्या विहिरींचे सारे वैभव ते एवढेच. वरचे गोडे पाणी बेसुमार उपसले की खालचे खारे पाणी वर चढते, आणि एकदा खारावलेली विहीर सहजासहजी गोडी होत नाही.

या दुबळ्या ठेव्याला जोड म्हणून कवरत्तीला २००५ मध्ये समुद्राच्या वरच्या व तळच्या पाण्याच्या तापमानातील फरकाचा उपयोग करून गोडे पाणी काढणारा कारखाना सुरू झाला. आपल्या शास्त्रज्ञांचे ते कर्तृत्व खरोखर गौरवास्पद आहे. पण त्याची क्षमता दिवसाला एक लाख लिटरची. स्नानगृहात तासन् तास फवारा सोडणाऱ्या शहरी पाहुण्याने या लाखाला आपल्या सवयीने भागून पाहावे. उत्तर फार मोठे येणार नाही.

यावर कोणी म्हणेल की मालदीवला जमते, ते आपल्याला का जमू नये? मालदीवला २०२४ मध्ये वीस लाखांहून अधिक पाहुणे गेले, हे खरे. परंतु मालदीवची बेटे सुमारे बाराशे, आणि त्यांची जमीन लक्षद्वीपच्या नऊ पटींहून अधिक. तेथील पाहुण्यांची मोठमोठी निवासस्थाने प्रामुख्याने वस्ती नसलेल्या स्वतंत्र बेटांवर उभी राहिली. एवढे असूनही डिसेंबर २०१४ मध्ये राजधानी मालेतील पाणी गोडे करणाऱ्या कारखान्याला आग लागली, तेव्हा लाखभर लोकांच्या घशाला कोरड पडली आणि भारताला विमानांनी व जहाजांनी पाणी धाडावे लागले. ज्यांच्या बरोबरीची आपण इच्छा धरतो, त्यांची ही अडचण आपण विसरू नये.

पाण्याहूनही नाजूक आहे ते पोवळे. समुद्राचे पाणी प्रमाणाबाहेर तापले की त्याचा रंग उडतो आणि पुष्कळदा प्राणही जातो. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ असे आघात लक्षद्वीपच्या प्रवाळांनी सोसले आहेत. हे कडे म्हणजे बेटांचे तट होत. ते ढासळले की लाटा थेट वाळूवर येतात. बंगारमजवळचे परली नावाचे एक लहानसे बेट समुद्राने पुरते गिळल्याचे २०१७ मध्ये पुढे आलेच आहे. अशा स्थितीत खाजणाच्या उथळ पाण्यात खांब रोवून कुटिरे बांधण्याच्या योजना पुढे येतात, तेव्हा तटालाच सुरुंग लावून आत पाहुण्यांची सोय करण्यासारखा हा प्रकार नाही ना, असे विचारणे प्राप्त होते.

या बेटांवर जाण्यास परवाना लागतो, आणि तो मिळण्यास वेळ लागतो, ही अनेकांची तक्रार आहे. १९६७ च्या नियमांनी घातलेले हे बंधन सैल करावे, असा सूर अधूनमधून निघतो. आमचे मत याच्या उलट आहे. अर्जाची दिरंगाई अवश्य दूर व्हावी. मर्यादा मात्र राहावी. माथेरानला खासगी मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात, म्हणूनच माथेरान अद्याप माथेरान राहिले, हे आपण महाराष्ट्रीयांनी तरी जाणले पाहिजे. अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपले वाडवडील सांगत आले; अंथरूण दुसऱ्याचे असेल तर हे अधिकच लागू.

अर्थात बेटवासीयांनी केवळ नारळ आणि कुप्पा मासळी यांवरच जन्म काढावा, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. त्यांच्या शिकलेल्या मुलांना रोजगार हवा आहे, आणि पर्यटन तो देऊ शकते. प्रश्न इतकाच की पाहुणे किती, कोठे आणि कोणत्या अटींवर, हे ठरविणार कोण? २०२१ मध्ये बेटांच्या विकासाविषयीचे मसुदे प्रसिद्ध झाले, तेव्हा बेटवासीयांनी आपापल्या घरी उपवास करून निषेध नोंदविला होता. ज्यांच्या विहिरी पणाला लागायच्या, त्यांचे म्हणणे शेवटी नव्हे, आधी ऐकले पाहिजे. दरेक बेटाला किती माणसांचा भार पेलतो हे पाण्याच्या हिशेबाने ठरवावे, तो आकडा उघड करावा, आणि कोणत्याही उत्साहाच्या लाटेत तो ओलांडू नये, अशी आमची सरकारला आग्रहाची सूचना आहे.

आणि जे जाणार आहेत त्यांनीही आपला बेत बेटाच्या मापाने आखावा. ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतचा काळ निवडावा. परवाना हाती आल्याखेरीज पुढचा खर्च करू नये. घाई नसेल तर कोचीहून जहाजाने जावे, म्हणजे अंतराची आणि एकाकीपणाची जाणीव वाटेतच होईल. बंगारमखेरीज अन्यत्र मद्य निषिद्ध आहे, आणि बहुसंख्य रहिवासी मुसलमान धर्माचे आहेत. त्यांच्या रीतीभातींचा मान राखावा. पोवळ्यावर पाय देऊ नये, त्याचा तुकडा आठवण म्हणून उचलू नये. तो कायद्यानेही गुन्हा आहे. नेलेले प्लास्टिक परत आणावे, आणि पाणी जपून वापरावे.

उन्हाळा आला की आपल्याकडील कित्येक गावे टँकरची वाट पाहत बसतात. पाण्याचे मोल महाराष्ट्राच्या माणसाला निराळे शिकवावे लागू नये. ते ज्ञान सुट्टीवर निघताना त्याने घरी ठेवून जाऊ नये, एवढेच आमचे मागणे आहे.