दगड आहेत, वाचणारा हवा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या घरी दरवर्षी चर्चा रंगते : कुठे जायचे? या वर्षी ती झालीच नाही. अब्बांनी दोन महिने आधीच सांगून ठेवले होते, "मला चौल दाखवा, खोकरीचे मकबरे दाखवा, दाभोळची मशीद दाखवा. जमेल तितक्या लवकर."

'लवकर' या शब्दाचा अर्थ घरात सर्वांना कळला. अब्बांना काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नाही, उजव्याची नजर आक्रसत चालली आहे. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती औषधाच्या थेंबांनी सांभाळायची, एवढेच डॉक्टरांच्या हाती आहे. अब्बांनी ३६ वर्षे उर्दू शाळेत मुलांना इतिहास शिकवला. कोकण किनाऱ्याची जुनी बंदरे त्यांना तोंडपाठ, पण आम्ही पडलो घाटावरचे लोक. पगार, लग्ने, आजारपणे यांत त्यांचे तिकडे जाणे राहून गेले.

तेव्हा आम्ही पाच जण निघालो. मुलांचे अब्बू गाडी चालवायला, शेजारी अब्बा, मागे आम्ही, आठवीतला थोरला आणि पाचवीतली धाकटी. घाई करायची नाही, दिवसाला दोन-तीन ठिकाणेच पाहायची आणि जिथे अब्बा दमतील तिथे थांबायचे, असे ठरले.

अलिबागहून दक्षिणेला निघालो की २० किलोमीटरच्या आत चौल येते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या. बंदर कुठे, शहर कुठे, काहीच दिसेना. धाकटी म्हणाली, "नाना, इथे तर फक्त झाडे आहेत!" अब्बा म्हणाले, "झाडांच्या खाली शहर आहे." इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने आपल्या भूगोलात या बंदराची नोंद केली. अरबांनी त्याला सैमूर म्हटले. इ.स. ९१६ च्या सुमारास बगदादचा इतिहासकार अल-मसूदी इथे आला होता. त्याने लिहून ठेवले आहे की इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात : कोणी सिराफचे, कोणी ओमानचे, कोणी बसऱ्याचे. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख इथल्या राजाने नेमलेला होता. आणि जे मुसलमान याच भूमीत जन्मले त्यांच्यासाठी वेगळा शब्द होता, 'बयासिरा'.

"म्हणजे नाना, आपण बयासिरा?" धाकटीने विचारले.

अब्बा हसले. "आपण घाटावरचे. पण शब्द चांगला आहे, लक्षात ठेव."

एका वाडीतल्या काकांनी गवत बाजूला करत आम्हाला हमामखान्यापर्यंत नेले. पडक्या भिंती, कमानी आणि त्यांत घुसलेली मुळे. अब्बांनी हात टेकवून भिंतीचा चुना चाचपला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

पुढे रेवदंडा. इथला रस्ता पोर्तुगीजांच्या किल्ल्याच्या तटातूनच जातो. आत 'सातखणी' म्हणून ओळखला जाणारा मनोरा आहे. सात मजल्यांपैकी आता चारच उरलेत. इ.स. १७४० मध्ये पोर्तुगीजांनी हा भाग मराठ्यांच्या स्वाधीन केला आणि ते निघून गेले. याच गावात बेने इस्राएली लोकांचे सिनेगॉगही आहे. अरब, पोर्तुगीज, यहुदी, मराठे, सगळे एकाच खाडीच्या तोंडाशी!

कुंडलिका नदीचा पूल ओलांडला की कोर्लई. किल्ल्याखालच्या वस्तीत ख्रिस्ती कुटुंबे राहतात आणि ती आजही पोर्तुगीजांपासून आलेली एक बोली बोलतात. तिला ते 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. राज्य जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली, भाषा मात्र घरात राहिली. एका मावशींकडे पाणी मागितले तेव्हा अब्बांनी विचारले, "ही भाषा लिहिता कशी?" मावशी म्हणाल्या, "लिहीत नाही हो, बोलतो. घरात हीच." गाडीत बसल्यावर अब्बा म्हणाले, "घरात बोलतात म्हणून टिकली." त्यांनी हे कोणाला उद्देशून म्हटले नव्हते, पण आम्हाला ते लागले. त्याचे कारण पुढे येते.

रात्री मुरुडला मुक्काम केला. तांदळाची भाकरी आणि माशांचे कालवण खाऊन मुले झोपली. सकाळी ऊन तापायच्या आत आम्ही राजपुरीजवळच्या खोकरीला पोहोचलो. शेताच्या कडेला तीन दगडी मकबरे उभे आहेत. सर्वांत मोठा सिद्दी सुरूलखानाचा, बाकीचे दोन सिद्दी याकूतखान आणि त्याचा भाऊ खैरियतखान यांचे. आफ्रिकेतल्या हबश देशातून आलेल्या घराण्यांनी या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या राज्य केले. दगडावरची जाळी, कमानी, कोरीव पट्ट्या, सगळे देखणे.

अब्बांना मात्र लेख पाहायचे होते. दोन लहान मकबऱ्यांत अरबी लेख आहेत. अब्बा दगडाच्या अगदी जवळ गेले, चश्मा काढला, पुन्हा घातला, मान तिरकी केली. मग मागे सरकून थोरल्याला म्हणाले, "बेटा, तू पढ. मैं समझाता हूँ."

थोरला पुढे झाला. त्याने मकतबमध्ये कुरआन शरीफचा नाजरा पूर्ण केला आहे. पण तिथे प्रत्येक अक्षरावर जेर-जबर असतात. इथे एकावर एक चढलेली अक्षरे, खुणा नाहीत, काही जागी दगड झिजलेला. त्याने दोन-तीन अक्षरे ओळखली आणि गप्प झाला. मग आमच्याकडे पाहून म्हणाला, "अम्मी, मला कोणी शिकवलेच नाही."

खरे सांगायचे तर त्या क्षणी आम्हाला मकबऱ्याबाहेर जावेसे वाटले. आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो. दर जूनमध्ये शाळेचा पट कमी झाला की पालकांच्या घरी जाऊन 'मुले उर्दू शाळेत घाला' असे आम्हीच सांगतो. आणि आमची दोन्ही मुले पहिलीपासून इंग्रजी शाळेत आहेत. का, याची कारणे आमच्याकडे तयार असतात : पुढचे शिक्षण, स्पर्धा, नोकरी. ती कारणे खोटी नाहीत. पण घरी रोज अर्धा तास बसून अलिफ-बे शिकवायला कोणत्या स्पर्धेने अडवले होते? इतरांच्या मुलांच्या वह्या तपासून आम्ही दमायचो आणि आपल्या मुलाची पाटी कोरी राहिली, ती अशी.

अब्बा काही बोलले नाहीत. ते रागावले असते तर बरे झाले असते.

दुपारी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला गेलो. 'जंजिरा' हा शब्द अरबी 'जजीरा' म्हणजे बेट यावरून आला, हे धाकटीने होडीत सर्वांना दोनदा सांगितले. किल्ल्याच्या दारावर पंजात हत्ती पकडलेला वाघासारखा प्राणी कोरलेला आहे. आत कलाल बांगडी ही अजस्र तोफ आहे आणि चहूबाजूंनी खारे पाणी असताना गोड्या पाण्याचे तलाव आहेत. होडीतून किल्ल्याच्या पायरीवर उतरणे अब्बांना झेपणारे नव्हते, म्हणून ते मुलांच्या अब्बूंबरोबर धक्क्यावरच थांबले. परतताना दुरूनच त्यांची पांढरी टोपी दिसली. त्यांना आमची होडी ओळखता येत नव्हती, पण प्रत्येक येणाऱ्या होडीला ते हात करत होते.

त्या रात्री मुरुडच्या खोलीत एक गोष्ट घडली. थोरल्याने सकाळी त्या लेखांचे मोबाइलवर फोटो काढले होते. तो ते घेऊन अब्बांच्या शेजारी बसला आणि बोटांनी फोटो मोठा करत म्हणाला, "नाना, आता दिसते का?" एकेक अक्षर लिंबाएवढे झाले. अब्बा म्हणाले, "रुक, रुक. ये तो दिख रहा है." मग तासभर दोघांचे चालले. अब्बा वाचायचे, थोरला देवनागरीत लिहून घ्यायचा, कारण त्याला दुसरी लिपी येत नव्हती. मृताचे नाव निघाले, मग हिजरी महिना. जिथे दगड झिजला होता तिथे अब्बांनी रिकामी जागा सोडायला सांगितली. "जे दिसत नाही ते आपल्या मनाने भरायचे नाही," ते म्हणाले. झोपताना थोरल्याने आम्हाला विचारले, "अम्मी, नाना गेल्यावर हे कोण वाचणार?" त्याला 'नानांची नजर गेल्यावर' म्हणायचे होते. त्याने लगेच सुधारले. पण प्रश्न दोन्ही अर्थांनी खरा होता.

तिसऱ्या दिवशी खाडीला वळसा घालून मांदाडजवळची कुडा लेणी पाहिली. ही दोन हजार वर्षांच्या आसपासची बौद्ध लेणी आहेत. भिंतींवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांच्या नोंदी आहेत. त्यांत महाभोज घराण्यातले लोक आहेत, तसे माळी, वैद्य आणि लोखंडाचा व्यापारीही आहेत. समोर खाडी पसरलेली. अब्बा नातवाचा हात धरून हळूहळू वर आले आणि तिथे त्यांनी मुलांना सांगितले : ही लिपी एके काळी सारा देश वाचत होता. मग ती बदलत गेली, जुने रूप वाचणारे उरले नाहीत, आणि लोक या अक्षरांसमोरून शतकानुशतके नुसते ये-जा करत राहिले. इ.स. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ती उलगडली तेव्हा कुठे हे दगड पुन्हा बोलू लागले. "दगडाला काही होत नाही," अब्बा म्हणाले. "वाचणारा संपतो."

श्रीवर्धनला रात्र काढून चौथ्या दिवशी बागमांडल्याहून गाडीसकट फेरीबोटीत चढलो आणि सावित्री ओलांडून वेशवीला उतरलो. मुलांना सगळ्या प्रवासात हीच दहा मिनिटे सर्वांत आवडली! शिवाजी महाराज ज्यांना मानत त्या याकूब बाबांची केळशीची दर्गा पाहिली. हर्णैच्या किनाऱ्यावर माशांचा लिलाव पाहिला आणि दापोलीला मुक्काम केला.

शेवटी दाभोळ. वाशिष्ठीच्या मुखाशी असलेले हे बहमनी आणि आदिलशाही काळातले मोठे बंदर. इथून जहाजे अरबस्तानाकडे जात आणि त्यांत हजचे यात्रेकरूही असत. धक्क्याजवळच चार मिनारांची, एका घुमटाची दगडी शाही मशीद उभी आहे. ती १६५९ च्या सुमाराची समजतात. विजापूरची एक शहजादी हजसाठी इथवर आली, समुद्रातल्या चाच्यांच्या भीतीने तिचे जाणे राहिले आणि सफरचा पैसा तिने या मशिदीत लावला, अशी दंतकथा आहे. अब्बांनी ती मुलांना सांगितली आणि 'दंतकथा' या शब्दावर मास्तरांसारखा जोर दिला. अस्रची नमाज अदा करून ते पायरीवर बसले. घुमट त्यांना धूसर दिसत होता. थोरला शेजारी बसून मिनारावर काय काय कोरले आहे ते सांगत होता. कोणी सांगितले नव्हते त्याला.

घरी येऊन आता सहा आठवडे झाले. रोज मगरिबनंतर अर्धा तास दोन्ही मुले नानांपुढे पाटी घेऊन बसतात. थोरल्याच्या 'स्वाद' आणि 'ज्वाद'मध्ये अजून गोंधळ आहे, धाकटी त्याच्या पुढे गेली आहे. अब्बांची पुढची तपासणी पुढल्या महिन्यात आहे. फार आशा धरू नका, असे सांगितलेलेच आहे. ते मोठ्या अक्षरांत लिहून देतात, म्हणजे त्यांनाही दिसते आणि मुलांनाही.

वाचकहो, तुम्हीही हा रस्ता जरूर धरा. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात, तेव्हा दिवाळीनंतर जा. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जा. एवढे दूर जमणार नसेल तर आपल्या गावातच पाहा. जुन्या कबरस्तानात, मशिदीच्या दारावर, वेशीत एखादा तरी लेख असतोच. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपे ऊन पडते तेव्हा त्याचा फोटो घ्या, अक्षरे उठून दिसतात. त्यांवर खडू, तेल, हळद लावू नका, दगड खराब होतो. मग तो फोटो मोठा करून घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर धरा आणि ते जे वाचतील ते मुलांकडून लिहून घ्या.

हे काम 'जमेल तेव्हा' वर टाकू नका. आमच्या घरी ते ३६ वर्षे शिकवणाऱ्या वडिलांच्या आणि उर्दू शिकवणाऱ्या लेकीच्या हातून १३ वर्षे राहून गेले होते.